सापासाठीचा तयार संच : दिवाणखाना देखणा, अडगळ अपुरी

पहिल्यांदाच साप पाळणाऱ्यासाठी ‘सर्व काही एकाच खोक्यात’ असे सांगून जे तयार संच विकले जातात, त्यांपैकी एक मी सव्वा वर्षापूर्वी घेतला आणि तेव्हापासून तो रोजच्या वापरात आहे. हे परीक्षण त्या संचाचे आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला आढळलेले बहुतेक दोष संचाच्या मूळ कल्पनेतच आहेत. नंतर वेगळ्या नावांचे दोन संच उघडून पाहिले, तर त्यांतही थोड्याफार फरकाने हीच सामग्री निघाली. माझे मत आधीच सांगून टाकते. यातली काचपेटी उत्तम आहे, तिच्या आत ठेवण्यासाठी दिलेल्या वस्तूंपैकी निम्म्या बिनकामाच्या आहेत, एक चक्क धोकादायक आहे, आणि जी वस्तू सर्वांत आधी हवी ती संचात नाहीच.

असे का व्हावे, हे समजायला साप एरवी कुठे सापडतो ते आठवून पाहावे. लाकडांच्या ढिगाखाली, दगडांच्या फटीत, पालापाचोळ्यात, उंदरांनी सोडलेल्या बिळात, थोडक्यात जिथे अंधार आहे, अंग दोन्ही बाजूंनी टेकते आणि वरून कोणी पाहू शकत नाही, अशा अडगळीत तो सापडतो. संच बनवणाऱ्याने मात्र दिवाणखाना बनवला आहे: चकचकीत काच, मधोमध एक शोभेचे खोड, वर लाल दिवा आणि पाठीमागे वाळवंटाचे छापील चित्र. दुकानात उभे राहून पाहणाऱ्याला तो आवडतो, आणि पैसे तोच देणार असल्याने विकणाऱ्याचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. पण राहणारा वेगळा आहे, आणि त्याला दिवाणखान्यात करमत नाही.

माझा साप कॉर्न स्नेक जातीचा आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा बिनविषारी साप शिकारीला विळखा घालून मारतो, त्याचा स्वभाव शांत असतो आणि नवख्या माणसाला तो पाळता येतो, म्हणून या छंदात त्याची निवड फार होते. पाळीव जोड्यांपासून अंडी उबवून जन्मलेली पिल्ले सहज मिळतात, त्यामुळे रानातून धरून आणलेला साप घेण्याचे काहीच कारण उरत नाही. असा साप बहुधा परजीवींनी ग्रासलेला असतो, नीट खात नाही, आणि कित्येक ठिकाणी तो बाळगणे बेकायदेशीरही असते. कुठलाही साप घेण्याआधी आपण राहतो तिथला कायदा तपासावा, हे वेगळे सांगायला नको. अंड्यातून बाहेर आलेले कॉर्न स्नेकचे पिल्लू वीतभर किंवा त्याहून थोडे लांब आणि पेन्सिलीएवढे जाड असते; पूर्ण वाढलेला साप साधारण ९० ते १५० सेंटिमीटरचा होतो आणि नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षे जगतो. हे आकडे संचाच्या खोक्यावर कुठेच नाहीत. ते असते, तर हा संच किती दिवस पुरणार हा प्रश्न प्रत्येकाने दुकानातच विचारला असता.

चांगल्यापासून सुरुवात करावी. पेटी ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच आहे, काच जाड आहे, सांधे स्वच्छ भरलेले आहेत, आणि दारे समोरून उघडतात. समोरून उघडणाऱ्या दारांचे महत्त्व मला आधी कळले नव्हते. लहान सापाला खाणारे बरेच शत्रू, विशेषतः पक्षी, वरून झेप घेतात. त्यामुळे झाकण काढून वरून हात घातला की पिल्लू दचकते, शेपटी थरथरवते, कधी तोंड मारते. तोच हात समोरून, जमिनीच्या पातळीवर, सावकाश आत आला तर ते बरेच कमी घाबरते. दारांखालच्या पट्टीत हवेसाठी बारीक छिद्रे आहेत आणि छताला धातूची जाळी आहे, त्यामुळे खालून आत येणारी हवा वरून बाहेर पडते आणि पेटीत कोंदट वास साचत नाही. या पेटीला मी पैकीच्या पैकी गुण देते, फक्त केबलच्या छिद्राचा अपवाद करून, ज्याविषयी पुढे येईलच.

आता उष्णता, कारण संचाची खरी परीक्षा इथे आहे आणि इथेच तो नापास होतो. साप स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब तयार करत नाही. ती त्याला बाहेरून घ्यावी लागते आणि नको झाली की तिच्यापासून दूर जावे लागते. म्हणून पेटीत एकच ‘योग्य तापमान’ ठेवणे पुरेसे नसते. एक टोक उबदार आणि दुसरे थंड हवे, म्हणजे साप जागा बदलून आपले तापमान आपणच सांभाळतो. कॉर्न स्नेकसाठी उबदार टोकाला जमिनीचे तापमान २९ ते ३१ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला २२ ते २४ अंश असावे. ऊब कमी पडली तर खाल्लेले पचत नाही आणि साप ते उलटून टाकतो; जास्त झाली तर तो भाजतो. संचात यासाठी पेटीच्या तळाला बाहेरून चिकटवायची एक हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, आहे, आणि ती भिंतीतल्या सॉकेटला थेट जोडावी असे माहितीपुस्तिका सांगते.

मी तसेच केले. सुदैवाने पेटी मांडल्यावर साप येण्याआधी आठवडाभर ती रिकामी चालवून पाहावी, असा सल्ला मला एका अनुभवी सर्पपालकाने दिला होता, आणि तो मी पाळला. तिसऱ्या दिवशी तळावरचा थर बाजूला सारून इन्फ्रारेड थर्मामीटरने मॅटवरच्या काचेचे तापमान मोजले, तर ते ४३ अंश भरले. मी हाताचा पंजा तिथे टेकवला आणि काही क्षणांत उचलून घेतला. निसर्गात ऊन वरून येते; पोटाखाली तापत जाणाऱ्या पृष्ठभागावरून साप वेळीच बाजूला सरकेल याचा भरवसा धरता येत नाही, आणि पोटावरचे खवले भाजलेले साप पशुवैद्यांकडे येतात ते बहुतेक अशाच अनियंत्रित मॅटमुळे किंवा विजेवर तापणाऱ्या शोभेच्या दगडांमुळे. यावर उपाय एकच, तो म्हणजे थर्मोस्टॅट. त्याच्या तारेचे तापमान मोजणारे टोक मॅटच्या वर काचेला लागून ठेवायचे, मर्यादा ठरवून द्यायची, आणि ती गाठली की तो वीज तोडतो. ही वस्तू संचात नाही. कंपनीला लिहिले तेव्हा ‘थर्मोस्टॅट स्वतंत्रपणे उपलब्ध आहे’ असे नम्र उत्तर आले. छापील वाळवंट संचात देता येते आणि थर्मोस्टॅट स्वतंत्र ठेवावा लागतो, या क्रमवारीवरून संच कोणाला डोळ्यासमोर ठेवून बनवला आहे ते कळते.

थर्मोस्टॅट लावल्यावरही काम संपत नाही. त्याचे टोक जागचे हलले तर तो आंधळा होतो: माझ्या सापाने दुसऱ्याच महिन्यात थरात बोगदा करताना ते टोक उपसून थंड बाजूला लोटले होते, आणि थर्मोस्टॅट बिचारा ‘अजून गार आहे’ असे समजून मॅट तापवत बसला होता. थर्मामीटर वेगळा असल्याने ते मला त्याच संध्याकाळी दिसले. तेव्हापासून टोक काचेच्या बाहेरून, मॅट आणि काच यांच्यामध्ये पक्के बसवले आहे, आणि आतले तापमान स्वतंत्र डिजिटल थर्मामीटरवर रोज पाहते. बाहेरच्या टोकाचा आकडा आणि आतल्या काचेचा आकडा यांत फरक असतो, तो मोजूनच मर्यादा ठरवावी लागते. आणखी एक गोष्ट पुस्तिकेत नाही: संचात रबराचे चार छोटे पाय सुटे येतात, ते पेटीच्या कोपऱ्यांना चिकटवायचे असतात, म्हणजे मॅटखालून हवा खेळते आणि उष्णता कोंडून काच तडकण्याचा धोका कमी होतो. मी ते पाय खोक्याबरोबर जवळजवळ फेकून दिले होते.

लाल दिव्याविषयी थोडक्यात सांगते. सापाला लाल प्रकाश दिसत नाही, म्हणून तो रात्रभर चालू ठेवला तरी चालतो, असा समज जुना आहे आणि पुस्तिकेने तो जसाच्या तसा उचलला आहे. प्रत्यक्षात रात्री अंधारच हवा. घरात फार थंडी नसेल तर रात्री पेटीचे तापमान काही अंशांनी उतरले तरी कॉर्न स्नेकला ते सोसते. मी तो दिवा काढला आणि दिवसा बारा तास चालणारा साधा पांढरा दिवा टायमरवर लावला. पुढे मोठ्या पेटीसाठी मी वरून ऊब देणारा हॅलोजन घेतला, तेव्हा कळले की त्याला मॅटचा उघडझाप करणारा थर्मोस्टॅट चालत नाही, दिवा सारखा लुकलुकतो आणि लवकर जातो. त्याला प्रकाश हळूहळू कमी-जास्त करणारा डिमिंग थर्मोस्टॅट लागतो. शिवाय दिव्याला जाळीचे कवच हवेच, नाहीतर साप त्याच्याभोवती वेटोळे घालायला कमी करत नाही.

धोकादायक म्हटले ती वस्तू म्हणजे काचेला आतून चिकटवायचा गोल तबकडीचा थर्मामीटर आणि त्याचा जोडीदार आर्द्रतामापक. एक तर तो ज्या उंचीवर चिकटवायला सांगितला आहे तिथली हवा मोजतो, आणि साप राहतो जमिनीवर. माझ्या तबकडीवर २६ अंश होते तेव्हा खालची काच ४३ अंशांवर होती. पण चुकीचा आकडा हा त्याचा लहान गुन्हा आहे. पाचव्या आठवड्यात, पेटीतल्या दमटपणाने चिकटपट्टी सैल होऊन तबकडी रात्री कधीतरी खाली पडली, पडताना उलटी झाली, आणि तिच्यावरून सरपटलेल्या पिल्लाच्या अंगाला चिकटून बसली. सकाळी मी पाहिले तेव्हा ते शेपटीकडच्या बाजूने तबकडी ओढत पेटीत फिरत होते आणि दर वळणाला ती पाण्याच्या भांड्यावर टक्‌टक् वाजत होती. ओढून काढली असती तर खवल्यांसकट कातडी सोलली गेली असती. मी एका हाताने पिल्लू आणि तबकडी दोन्ही धरून ठेवली, दुसऱ्या हाताने स्वयंपाकाचे तेल कापसाच्या काडीवर घेऊन चिकटपट्टीच्या कडेने थेंबथेंब सोडले, आणि काडी खवल्यांच्या दिशेने, म्हणजे डोक्याकडून शेपटीकडे, सरकवत राहिले. वीस मिनिटे लागली. तीन खवले दुमडले होते, ते पुढच्या काती बरोबर नीट झाले. कोणतीही चिकटपट्टी सापाच्या पेटीत आत असू नये, हा नियम अनुभवी लोक पहिल्याच दिवशी सांगतात, आणि संच बनवणाऱ्यांना तो ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

लपण्याच्या जागेबाबत, ज्याला सर्पपालक ‘हाइड’ म्हणतात, संचाने सर्वांत जास्त कंजुषी केली आहे. एकच हाइड आहे, तेही अर्ध्या खोडाच्या आकाराचे, दोन्ही बाजूंनी उघडे, आणि पेन्सिलीएवढ्या पिल्लासाठी बोगद्याइतके प्रशस्त. सापाला प्रशस्त जागेत सुरक्षित वाटत नाही. वेटोळे घातल्यावर त्याच्या अंगाला दोन-तीन बाजूंनी भिंत टेकली पाहिजे, पाठीला छप्पर लागले पाहिजे आणि दार एकच, डोके जाईल एवढे असले पाहिजे. शिवाय एकच हाइड असले की सापापुढे पेच उभा राहतो: ते उबदार टोकाला ठेवले तर गारवा हवा असला तरी तो बाहेर पडत नाही, थंड टोकाला ठेवले तर ऊब सोडून तो तिथे दडून बसतो आणि खाल्लेले पचवू शकत नाही. ऊब आणि आडोसा यांतले एकच निवडायची वेळ आली तर साप बहुतेक वेळा आडोसा निवडतो, हे मी स्वतः पाहिले आहे. माझे पिल्लू पहिले चार दिवस थंड टोकाच्या खोडात, तेही खोडात सुरक्षित न वाटल्याने खोडाखालच्या थरात, गाडून घेऊन बसले होते.

मग मी सारखीच दोन हाइड दोन्ही टोकांना ठेवली. ती विकतची नव्हती; कडक प्लॅस्टिकचे काळे बसके डबे उलटे करून, एका कडेला दार कापून, कापलेली कड घासून गुळगुळीत केली, एवढेच. दोन्ही अगदी सारखी असावीत, म्हणजे एक आवडते आणि दुसरे आवडत नाही असा प्रश्न उरत नाही आणि साप फक्त तापमान पाहून जागा निवडतो. मधल्या मोकळ्या जागेत झाडाच्या सालीचे तुकडे, कॉर्कच्या नळ्या, वाळकी पाने आणि उकळून घेतलेली एक आडवी फांदी टाकली, इतकी की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सापाला उघड्यावर न येता जाता यावे. पेटी दिसायला बिघडली, हे कबूल करते. पाहुणे आता ‘साप कुठे आहे?’ असे विचारतात. पण ज्या दिवशी ही अडगळ भरली, त्याच्या दुसऱ्याच रात्री पिल्लू प्रथमच आपणहून बाहेर येऊन फांदीवर चढले. आडोसा वाढला की साप जास्त दिसू लागतो, हा अनुभव मला एकटीला आलेला नाही; लपायला जागा हाताशी आहे हे माहीत असलेला साप बाहेर पडायला धजावतो.

तळाच्या थरासाठी संचात नारळाच्या काथ्याची दाबलेली वीट आहे. पाण्यात घातली की ती फुगते आणि पेटीभर होते. दमट हवा लागणाऱ्या सापांसाठी ती चांगली. कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते, आणि वाळल्यावर या भुशाची धूळ फार उडते. मी ती बदलून अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा सात-आठ सेंटिमीटर जाड पसरला, कारण त्यात बोगदे टिकून राहतात आणि या सापाला बोगदे करायला मनापासून आवडते. अ‍ॅस्पेन ओला झाला की बुरशी धरतो, म्हणून सांडलेले पाणी लगेच काढावे लागते. देवदार वर्गातल्या लाकडांचा सुवासिक भुसा मात्र कधीही वापरू नये. त्यातली तेले सापांना अपायकारक असतात. पहिले काही आठवडे थराऐवजी साधे टिश्यू पेपर अंथरावेत, म्हणजे विष्ठा कशी आहे, अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे आहेत का, हे पांढऱ्यावर स्पष्ट दिसते. हा टप्पा मी आळसाने लवकर उरकला, आणि तो उरकायला नको होता.

आर्द्रतेचा प्रश्न खरा येतो तो कात टाकताना. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघतो. कात जवळ आली की रंग फिका पडतो, डोळे दुधट निळे होतात, काही दिवसांनी पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर कात पडते, चांगली असेल तर मोज्यासारखी उलटी होऊन एकसंध. माझ्या सापाची पहिली कात तुकड्यातुकड्यांनी निघाली, कारण जाळीच्या छतातून सगळा ओलावा निघून जात होता. छताचा दोन-तृतीयांश भाग झाकला, आणि झाकणाला भोक पाडलेल्या एका डब्यात ओलसर, पण पिळून घेतलेले स्फॅग्नम शेवाळ भरून तिसरे हाइड तयार केले. डोळे दुधट झाले की साप आपणहून त्यात जाऊन बसतो आणि कात टाकूनच बाहेर येतो. ती कात मी दर वेळी पाण्यात उलगडून डोक्याच्या टोकाला धरून पाहते: डोळ्यांच्या दोन गोल चकत्या तिथे दिसल्या की सगळे निघाले. अडकलेली कात ओढून काढण्याचा मोह मात्र आवरावा; कोमट ओलाव्यात ठेवले की बहुतेक वेळा ती सुटते.

पेटीच्या मागच्या वरच्या कोपऱ्यात तारांसाठी जे छिद्र आहे, त्याला सरकते झाकण आहे, आणि ते झाकण अर्धे उघडे राहते तेव्हा बाहेरून बंद दिसते. सापाचे डोके जिथून जाते तिथून सगळा साप जातो, आणि कॉर्न स्नेक या कामात नावाजलेला आहे. दुसऱ्या महिन्यातल्या एका सकाळी पेटी रिकामी होती. दारांना कुलूप होते, जाळी जागेवर होती, आणि छिद्रातून दोन तारांच्या शेजारी बोटभर फट होती. त्या रात्री मी खोल्यांच्या भिंतींच्या कडेने पिठाच्या बारीक रेघा ओढल्या, कारण साप मोकळ्या जमिनीपेक्षा भिंत धरून जातो. सकाळी एका रेघेवर नागमोडी माग होता आणि तो फ्रिजच्या मागे जात होता. कॉम्प्रेसरच्या उबेला, धुळीच्या पुंजक्यात, महाशय वेटोळे करून बसले होते, म्हणजे संचाने जे द्यायला हवे होते ते त्यांनी स्वतः शोधले होते: अंधार, ऊब आणि अडगळ. कंपनीने तक्रारीनंतर नवे सरकते झाकण पाठवले. तेही तसेच निघाले. आता त्या छिद्रात तारांभोवती फोमचा तुकडा घट्ट कोंबला आहे, आणि आजवर तो हललेला नाही.

उरलेल्या वस्तू झटपट सांगते. पाण्याचे भांडे हलक्या प्लॅस्टिकचे आहे, साप काठावर चढला की उलटते. सिरॅमिकचे जड, साप आत बसू शकेल एवढे भांडे घ्यावे. छापील चित्र काचेला बाहेरून लावले तर उपयोगी पडते, कारण तीन बाजू झाकलेल्या असल्या की सापाला निवांत वाटते. वाळवंटाऐवजी काळा कागद लावला तरी काम तेच. पेटी कुठे ठेवावी याबद्दल एक शब्दही नाही. थेट ऊन येणाऱ्या खिडकीत काचेची पेटी थोड्या वेळात भट्टी होते, आणि सापाला बाहेरचे कान नसले तरी जमिनीतून येणारे कंप त्याला जबड्यातून जाणवतात, म्हणून ती स्पीकर किंवा कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी नको.

माहितीपुस्तिका बारा पानांची आहे आणि त्यातली पाच पाने कंपनीच्या इतर मालाची आहेत. ‘सापाला माणसाळवण्यासाठी पहिल्या दिवसापासून रोज हातात घ्या’ हे तिच्यातले वाक्य वाचून मला राग आला. नव्या घरी आलेल्या सापाला निदान आठवडाभर कोणीही हात लावू नये. पाणी बदलावे, तापमान पाहावे आणि दूर व्हावे. त्याने एक-दोनदा नीट खाल्ल्यावर काही मिनिटांपासून सुरुवात करावी, आणि खाल्ल्यानंतर ४८ तास हात लावू नये, नाहीतर तो उलटी करतो. खाद्याविषयी पुस्तिकेत फक्त ‘उंदीर’ एवढेच आहे. गोठवलेला, पूर्ण वितळवून कोमट केलेला, सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा किंवा किंचित मोठा उंदीर चिमट्याने द्यावा. पिल्लाला पाच ते सात दिवसांनी, मोठ्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी पुरतो. जिवंत उंदीर सापाला चावून मोठ्या जखमा करू शकतो. आणि साप किंवा पेटीतली कुठलीही वस्तू हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुले ज्या घरात आहेत तिथे हे वाक्य पुस्तिकेच्या पहिल्या पानावर हवे होते. ते कुठेच नाही.

शेवटचा मुद्दा आकाराचा. खोक्यावर ‘आयुष्यभरासाठी’ असे छापले आहे, आणि ते खोटे आहे. सापाला लहान पेटीच आवडते, मोठीत तो खात नाही, असे पूर्वी सर्रास सांगत. मोठ्या पण ओक्याबोक्या पेटीत तो बिचकतो एवढेच त्यात खरे आहे. आता जाणकारांचा कल साप पूर्ण लांब होऊन पसरू शकेल एवढी पेटी द्यावी असा आहे, म्हणजे चार फुटांच्या कॉर्न स्नेकला १२० सेंटिमीटर लांब आणि ६० रुंद पेटी. ६० सेंटिमीटरची पेटी पिल्लाला वर्ष-दीड वर्ष पुरते. सुरुवातीलाच मोठी पेटी घेऊन ती अडगळीने नीट भरता येत असेल, तर हा संच घेऊच नये असे मी सांगेन. जागा आताच नसेल, तर नुसती पेटी सुटी मिळते का ते विचारावे आणि वाचलेल्या पैशांत थर्मोस्टॅट, तारेच्या टोकाने मोजणारा डिजिटल थर्मामीटर आणि दोन हाइड घ्यावीत. पूर्ण संचाला मी पाचपैकी दोन गुण देते, आणि ते दोन्ही पेटीचेच आहेत.

गेल्या महिन्यात साप मोठ्या पेटीत गेला. लाल दिवा, तबकडी, खोड आणि प्लॅस्टिकचे भांडे मी टाकून दिले. संचात आलेली रेशमी पानांची प्लॅस्टिकची वेलही, जिची मी सव्वा वर्ष थट्टा करत होते, टाकण्यासाठी बाजूला काढली होती. नव्या पेटीत पहिले तीन दिवस तो बाहेरच आला नाही. चौथ्या दिवशी ती वेल धुऊन फांदीला गुंडाळली, तर रात्री तिच्या पानांत डोके खुपसून तो झोपलेला सापडला, आणि अजूनही त्याची रात्रीची जागा तीच आहे.